नाकापेक्षा गोबरगॅस जड

"लहान बसवायचा की मोठा?" गोबरगॅसवाल्या साहेबांनी विचारलं.

"लहान," थोरल्याची बायको आतून म्हणाली. "गायी दोनच आहेत."

पण साहेबांनी विचारलं होतं थोरल्याला, आणि थोरल्याच्या डोळ्यांपुढे होती धाकट्या भावाच्या अंगणातली टाकी. ती लहान होती. थोरल्या भावानेही लहानच बसवायची म्हणजे लोक काय म्हणतील?

"मोठा," तो म्हणाला.

टाकी झोकात झाली. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही, एवढी झाली. फक्त गॅस काही येईना, कारण दोन गायींच्या शेणाने तिचा तळसुद्धा झाकला जात नव्हता. चुलीच्या धुरातून सुटावं, एवढंच बायकोचं मागणं होतं. ती अजून फुंकणी घेऊनच बसलेली.

"नाकापेक्षा मोती जड!" ती म्हणाली.

"अगं, शेणाला काय तोटा? कुठेही मिळतं."

मिळत नाही. आपण मागायला गेलो की शेणालाही भाव चढतो. जो तो म्हणे, आमच्याच शेताला खत पुरत नाही. शेवटी थोरल्याने अक्कल लढवली. पाटीभर शेण आणेल त्याला कपभर चहा!

लोक लगेच यायला लागले. पाटी ओतायची, हात धुवायचे आणि ओसरीवर ठाण मांडायचं. ज्याच्या दारात शेळीही नव्हती तो न्हावीसुद्धा कुठल्याशा गोठ्यातून पाटी भरून आणू लागला. टाकी भरली, शेगडीवर निळी ज्योत आली आणि थोरल्याने मिशीला पीळ दिला. पण ती सगळी ज्योत चहातच संपायची. चहा बंद केला तर शेण बंद, शेण बंद तर गॅस बंद. भात पुन्हा चुलीवर, आणि बायको पुन्हा धुरात.

मग एकाएकी धूर थांबला. जेवण वेळेवर आणि गरम मिळू लागलं. स्वयंपाकघरात डोकावायची थोरल्याला सवय नव्हतीच, त्यामुळे तो नुसता खूश होता. तेवढ्यात साहेब पाहणीला आले.

"काय, होतो का स्वयंपाक गॅसवर?"

"दोन्ही वेळचा! बघा की आत जाऊन."

आत शेगडीवर चहाचं आधण होतं. चूल गार होती. बायको नव्हती.

"मी इकडे आहे!" धाकट्याच्या घरातून आवाज आला. तिथे दोघी जावा शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि शेगडीवर भात रटरटत होता.

"साहेब, यांच्याही टाकीला शेण कमीच पडायचं," थोरली म्हणाली. "मी आमच्या गायींचं इथे टाकायला लागले. आता दोन्ही घरांचं भागतं."

"आणि तुमची मोठी टाकी?"

"ती ओसरीवरच्या मंडळींची. अहो, ऐकलंत का? उद्यापासून त्यांचा चहा तुम्हीच करा. माझी इकडे तिकडे धावपळ होते."

दुसऱ्या दिवशी थोरल्याने स्वतः चहा केला. मंडळींनी एकेक घोट घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि कप हळूच खाली ठेवले. त्यानंतर त्या अंगणात कोणी शेणाची पाटी आणली नाही.