नाना एक चेंडू पुढे

आमच्या गल्लीत षटकार आधी नानांच्या घशातून येतो, मग आमच्या मोबाइलवर. गोलंदाज अजून चेंडू पँटला घासत असतो, तोच समोरच्या घरातून आरोळी, "गया रे गया!" झालं, आमच्या मजेची माती!

नाना एकटेच राहतात. गच्चीवर डिशची छत्री, खाली जुना टीव्ही. बसून सामना पाहतील तर शपथ! खिडकी, माठ, पंख्याचं बटण, पुन्हा खिडकी. "नाना, जरा दमानं ओरडा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बठ्ठं जग मांगे शे, मी पुढे शे!" म्हणे सगळं जग मागे आणि हे एकटे पुढे! असा राग येतो ना!

पण परवा स्वतःच माझ्या दारात उभे. "भाऊ, मोबाइलवर चेंडू उशिरा काबरं पडस?"

मी सांगितलं, "तुमच्या छत्रीवर चित्र पाटाच्या पाण्यासारखं येतं, आलं की दिसलं. नेटवर आधी त्याचे तुकडे पाडतात. आपल्याकडे केळी पाठवतात ना, तसं. कापा, खोक्यात भरा, गाडीत घाला. वर मोबाइल चार खोकी जमवतो आणि मगच पहिलं उघडतो. वाटेत गाडी अडली तरी खेळ थांबायला नको, म्हणून."

"म्हणजे रशीदची चूक नाही," नाना पुटपुटले.

रशीदभाई त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, चपलांचे व्यापारी. दोघं वर्षानुवर्षं याच टीव्हीसमोर ओरडले. पुढे रशीदभाईंचा पाय अधू झाला, मुलानं त्यांना धुळ्याला नेलं. तेव्हापासून दोघं फोन कानाला लावून सामना पाहतात. पण रशीदभाई पाहणार मोबाइलवर, आणि नाना आधीच ओरडणार! शेवटी ते चिडले, "यार, आणखी एकदा आधी ओरडलास, तर सामन्यात फोन बंद!"

"फोन बंद झाला तर मी सामना कोणाबरोबर पाहू?" नाना माझ्याकडे न बघता म्हणाले.

"मग तुम्हीही मोबाइल घ्या."

"दोघांचे बरोबर चालतील?"

"नाही हो, त्यांच्यातही पुढेमागे होतंच." नाना तसेच निघून गेले. मला फार वाईट वाटलं.

रविवारी अंतिम सामना. शेवटचं षटक, आणि समोरून हूं नाही की चूं नाही. मला चैन पडेना. म्हातारा आजारी तर नाही? मोबाइल तसाच टाकून धावलो.

आत टीव्हीवर आपला संघ जिंकून मोकळा झालेला. खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडत होते. आणि नाना? एका हातात कानाशी फोन, दुसऱ्या हातानं तोंड गच्च दाबलेलं, घरभर नुसते थयथय नाचत होते. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी डोळे वटारले.

मग फोनमधून रशीदभाई किंचाळले, "गया! नाना, गया!"

नानांनी हात काढला. "गया रे गया!" बाहेर गल्लीही त्याच दमात ओरडली.

"काय रे," रशीदभाई विचारत होते, "आज तुझा टीव्ही पण लेट?"

"हो ना," नाना डोळे पुसत म्हणाले, "तो बी आते तुझ्यासारखा लंगडतो!"