करंजखोऱ्याची सहावी निवडणूक

नाना वाघचौरे माणसांना त्यांच्या नावाने ओळखत नाहीत. समोरचा माणूस करंजखोरे मतदारसंघातल्या कोणत्या पडलेल्या उमेदवारासारखा दिसतो यावरून ओळखतात, आणि हाकही त्या उमेदवाराच्या चिन्हाने मारतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी 'शिडी' आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ 'इस्त्री'. मी इथे राहायला आले त्या दिवशी टेम्पोतून गाद्या उतरवून घेत होते, तर हे जिन्यात उभे राहून माझ्याकडे निरखून पाहत राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही अगदी आमच्या चौथ्या निवडणुकीतलं शिवणयंत्र. तेच कपाळ." मी दमले होते, हो म्हणाले. त्याला आता नऊ वर्षं झाली. मी अजून शिवणयंत्रच आहे.

करंजखोरे नावाचा मतदारसंघ आता शोधू नका, तो नाही. मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा त्याचे तीन तुकडे करून तीन शेजाऱ्यांना वाटून टाकले. डोंगर, नदी, भाताची खाचरं, माणसं सगळं जागच्या जागी आहे, फक्त मतदारसंघ गेला. नाना तिथल्या तहसील कचेरीत निवडणूक शाखेत कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मग नाशिक रोडला, जेल रोडच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर येऊन राहिले. पण येताना मतदारसंघ बरोबर घेऊन आले. बारा निवडणुका आणि एक पोटनिवडणूक, सगळे उमेदवार, सगळी चिन्हं त्यांना तोंडपाठ आहेत. एरवी चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधतात.

त्यातही निवडून आलेल्यांबद्दल त्यांना फारसं प्रेम नाही. "आमदाराला पेन्शन आहे बाई, रस्त्याला नाव आहे, चौकात पुतळा आहे. पडलेल्याला कोण आहे? नोंद घ्या." हे 'नोंद घ्या' त्यांचं पालुपद. पाण्याचा टँकर आला नाही, नोंद घ्या. आज भेंडी महाग, नोंद घ्या. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणतो, एकदा कंटाळून म्हणाल्या होत्या, "लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर हे भटजींना म्हणाले, वेळेची नोंद घ्या. तेव्हाच मी उठून जायला हवं होतं."

सोसायटीच्या मीटिंगला नाना उभे राहिले की लोक हळूहळू मोबाईल काढतात. लिफ्टचा विषय असो की पार्किंगचा, नाना दुसऱ्या निवडणुकीपासून सुरुवात करतात. दुसऱ्या निवडणुकीत 'टेबल' कसा पडला, तर दोन चुलतभाऊ दोन चिन्हांवर उभे होते म्हणून पडला, तसंच तुमच्या पार्किंगचं होणार. यात गंमत अशी की नानांचं म्हणणं शेवटी बरोबर निघतं. पार्किंगचं तसंच झालं. पण तिथवर पोचायला पाचवी निवडणूक ओलांडावी लागते आणि तेवढा धीर कोणाला नसतो.

त्यांचा सगळ्यात लाडका उमेदवार म्हणजे 'छत्री'. हा गृहस्थ चार वेळा उभा राहिला आणि दर वेळी त्याची मतं आधीपेक्षा कमी झाली. चौथ्या वेळी तर त्याच्या घरात जितकी माणसं तितकीही मतं पडली नाहीत. "घरात फूट पडली," नाना गंभीरपणे सांगतात. "पण अर्ज? अर्ज असा भरायचा, की बोट ठेवायला जागा नाही. एक खाडाखोड नाही. अशी माणसं आता उभी राहत नाहीत."

मी शाळेत शिक्षिका आहे. संध्याकाळी घरी येते तेव्हा मला कोणाचंच काही ऐकायचं नसतं. पण नानांचं दार जिन्याच्या तोंडाशी, ते उघडं, आणि नाना दारात खुर्ची टाकून बसलेले. नऊ वर्षांत करंजखोऱ्याचा इतिहास मी इतक्यांदा ऐकला की आठवीच्या मुलांचे पेपर तपासताना मला मध्येच 'छत्री' आठवते. आणि इतक्यांदा ऐकल्यामुळेच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नाना पाचव्या निवडणुकीनंतर थेट सातवीवर जातात. जन्मभर पोरांकडून पाढे म्हणवून घेतले आहेत, मधला एक आकडा गाळला की माझ्या कानाला कळतो. मी एकदा विचारलं, "नाना, सहावी?" नाना म्हणाले, "सहावीत विशेष काही नाही," आणि आत जाऊन पंखा बंद करून आले. पंखा चालू नव्हताच.

गेल्या विधानसभेला मला मनमाडच्या बाजूला ड्यूटी लागली. निवडणूक आली की आमच्या शाळेत सुतक असतं, ते सोडून देऊ. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी आम्हा कर्मचाऱ्यांना तिथेच टपाली मतपत्रिका दिल्या. आम्ही दुसऱ्यांची मतं घ्यायला जातो, म्हणून आमचं मत आधीच पाकिटात घालून द्यायचं. रांग मोठी, पंखे बंद, वर दोन लहान मुलं घेऊन आलेली एक अंगणवाडीची बाई माझ्यावर रेललेली. मी खूण केली, पाकिटात पाकीट घातलं, डब्यात टाकलं आणि बस पकडली.

घरी आले तर नाना दारातच. "झालं मतदान?"

"झालं."

"बरोबरच्या घोषणेच्या कागदावर सही केलीत?"

मी पायरीवर पिशवी टेकवली. खरं सांगायचं तर मला आठवेना. "केली असेल," म्हणाले.

"असेल?"

"नाना, एक मत. त्याने काय होतंय?"

नानांचा चेहरा असा पडला की मला वाटलं यांना काही होतंय. मी माईंना हाक मारायला वळले, तर नानांनीच हात करून थांबवलं. माई वरच्या मजल्यावर भजनाला गेल्या होत्या. मग नानांनी मला खुर्ची दिली, आपण उंबऱ्यावर बसले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा सहाव्या निवडणुकीबद्दल बोलले.

सहाव्या निवडणुकीत नानांचे थोरले भाऊ उभे होते. अपक्ष. चिन्ह बादली. मागणी एकच, गावच्या नदीवर पूल. पावसाळ्यात गाव चार महिने तुटायचं, त्याला कंटाळून दादा उभे राहिले. सायकलच्या हँडलला खरीखुरी बादली अडकवून पाड्यापाड्यांतून फिरले. नाना तेव्हा नोकरीत नवीन होते, निवडणूक शाखेतच. त्यामुळे प्रचार नाही, घरी जाणं नाही, भावाशी बोलणंही नाही. दादांनी निरोप पाठवला, तुझं एक तरी दे. नानांनी उलट निरोप पाठवला, टपालाने देतो.

"आणि दिलं," नाना म्हणाले. "पण बाई, त्या आठवड्यात तालुक्यातल्या सगळ्या मास्तरांना, तलाठ्यांना मीच शिकवत होतो. घोषणेवर सही करा, सही नसेल तर मत बाद. घसा बसला माझा सांगून. आणि माझ्या कागदावर माझीच सही राहिली."

हे त्यांना कळलं मतमोजणीच्या दिवशी. टपाली मतांच्या टेबलावर पाकिटं फोडायला नानाच होते. एक पाकीट फोडलं, आतून स्वतःचाच कागद निघाला. नाव आहे, पत्ता आहे, सहीची जागा कोरी.

"साहेब शेजारी चहा पीत होते," नाना म्हणाले. "माझ्या खिशात पेन होतं."

"आणि?" मी विचारलं.

"मीच कागद साहेबांपुढे धरला. म्हणालो, सही नाही, बाद. सही नसली की आतलं पाकीट फोडतसुद्धा नाहीत. तसंच गठ्ठ्यात गेलं. कोणाला दिलं होतं ते त्या पाकिटालाच ठाऊक."

दादा अर्थातच पडले. पडण्याचं त्यांना काही वाटलं नाही, ते ठरलेलंच होतं. पण उमेदवार म्हणून त्यांनी निकालपत्रकाची नक्कल मागून घेतली. तिच्यात टपाली मतांची ओळ वेगळी असते. बादलीपुढे शून्य. म्हणजे सख्ख्या भावाने दिलं नाही.

"भांडला असता तर बरं झालं असतं. भांडला नाही. एवढंच, की त्या दिवसापासून मला रावसाहेब म्हणायला लागला. लग्नकार्याला बोलावतो, पाहुण्यासारखं पाटावर बसवतो. या रावसाहेब, बसा रावसाहेब. चाळीसच्या वर वर्षं झाली. थोरला भाऊ आहे माझा."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मत गुप्त असतं बाई. कायदा आहे." मग म्हणाले, "आणि लाज वाटली. काय सांगू? सगळ्या तालुक्याला शहाणपण शिकवणारा मी."

मला त्यांचा राग आला. नुसती दया आली असती तर मी वर जाऊन झोपले असते, पण राग आला. ज्यांना काहीतरी सांगायचं राहून गेलं अशी माणसं आपण मनात घेऊन जगतो आणि वर त्याला नियमांचं नाव देतो, हे मला माझ्याही घरातून चांगलं माहीत आहे. मी म्हणाले, "नाना, तुम्हा दोघांचं वय मिळून दीडशेच्या पुढे गेलं. वाट कशाची बघताय?"

निकाल लागून गुलाल खाली बसल्यावर एका रविवारी आम्ही निघालो. माईंचे गुडघे बसच्या पायऱ्या चढत नाहीत, म्हणून मी बरोबर. सीबीएस स्टँडवरून एसटी पकडली. नाना खिडकीशी बसले होते आणि वाटेतल्या गावांना मतदान केंद्रांच्या नंबराने ओळखत होते. नंतर तेही थांबलं. गावाआधी नदी आली. नदीवर पूल आहे. दोन-तीन निवडणुकांनंतर झाला, आणि ज्याच्या काळात झाला त्याचं नाव संगमरवरावर आहे. नानांनी तिकडे पाहिलं नाही.

दादा ओट्यावर नागली निवडायला सूप घेऊन बसले होते. दिसत बऱ्यापैकी कमी होतं, हाताने चाचपून खडे काढत होते. नानांचा आवाज ऐकून म्हणाले, "या रावसाहेब. सूनबाई, सतरंजी टाक. रावसाहेब आलं." माझी ओळख करून दिली. पाणी झालं. पावसाची, गुडघ्यांची, सोयरिकीची चौकशी झाली. नाना सतरंजीच्या कडेला तहसीलदारापुढे बसल्यासारखे बसले होते आणि विषयाकडे वळतच नव्हते. मला वाटलं, आता हे चहा पिऊन परत निघणार, आणि एसटीत मला सातवी निवडणूक ऐकवणार.

मग एकदम, कसलीही प्रस्तावना न करता नाना म्हणाले, "दादा, मी बादलीला दिलं होतं."

दादांचे सुपातले हात थांबले.

"माझी सही राहिली. घोषणेवर. बाद झालं. मीच बाद केलं."

नानांनी मग सगळं सांगितलं. पाकीट, साहेब, चहा, खिशातलं पेन. मी पाहिलेल्या सगळ्या मीटिंगांमध्ये नाना एवढं थोडक्यात कधी बोलले नव्हते. दादा ऐकत राहिले. आतून सूनबाई डोकावून गेली.

"खिशात पेन व्हतं?" दादांनी विचारलं.

"होतं."

"आन नाय केली सही."

"नाही केली. नियमात बसत नव्हतं."

दादा हसले. नाकातून, एकदाच. "तू बारकेपणीबी असाच. आंब्याच्या वाटणीत जास्तीचा आला तर परत करायचा." आणि सुनेला म्हणाले, "माझी पेटी आण."

पेटीतून सातबारे निघाले, एक जुनं रेशनकार्ड निघालं, आणि खाली चौघडी घातलेला, घड्यांवर फाटायला आलेला एक कागद. निकालपत्रक. ते आजवर ठेवलं होतं त्यांनी. दादांनी तो सतरंजीवर उलगडला, न पाहता बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत आणलं. टपाली मतांच्या त्या शून्याभोवती कधीकाळी लाल पेन्सिलीने गोल केलेला होता.

"इथं एक कर," दादा म्हणाले.

"करता येत नाही दादा. निकाल जाहीर झालेला आहे."

"आरं, मतदारसंघच ऱ्हायला नाय. आता कोन तपासाय येतंय?"

नाना माझ्याकडे पाहायला लागले. मी शाळेतली बाई, मला कसला अधिकार? तरी मी मान हलवली. नाना शून्याला हात लावेनात. तेव्हा दादाच म्हणाले, "बरं, आकडा नको करू. नुसती सही कर. ती ऱ्हायली व्हती ना, ती कर."

नानांनी पेन काढलं. कागद मांडीवर घेतला, फाटू नये म्हणून खाली माझी पर्स धरली. समासात, लाल गोलाशेजारी, पूर्ण नावाची सही केली. रघुनाथ सखाराम वाघचौरे. एवढ्याशा नावाला फार वेळ लागला. अक्षरं एकमेकांवर चढली, शेवटची रेघ ओळ सोडून खाली गेली.

दादांनी कागद घेतला, डोळ्यांना लावावा इतका जवळ नेला आणि ती सही पाहत राहिले. मग कागद बाजूला ठेवून त्यांनी चाचपत नानांचा हात धरला.

"रघू," ते म्हणाले, "हात कापतो व्हय रं तुझा? कधीपास्नं?"