आबांच्या पाठीवरची बाई

"खुर्चीला कुणी हात लावायचा नाही!" असे साऱ्या घराला बजावून बाईसाहेब स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि डोळे बारीक करून आपले चित्र न्याहाळू लागल्या. चित्र लांबून पाहावे, असे शिकवणीचे मास्तर सांगत. आणि घरातले सर्वांत लांबचे अंतर म्हणजे हे दार ते यजमानांची, म्हणजे आबांची, आरामखुर्ची. म्हणून ओले चित्र त्या खुर्चीत, पाठीला टेकवून ठेवलेले होते.

तैलरंग शिकायचे तर आधी एखाद्या जुन्या चित्राची हुबेहूब नक्कल करावी, हा मास्तरांचा दंडक. बाईसाहेबांच्या वाट्याला आलेल्या चित्रात भर उन्हात एक मजूर बाई झाडाखाली गवताच्या भाऱ्याला टेकून बसली होती. मूळ चित्रात ती दमलेली दिसे, बाईसाहेबांच्या चित्रात संतापलेली. तो संताप घालवण्यासाठी त्यांनी रंगावर रंग चढवला. बाई निवळण्याऐवजी गाल फुगवून बसली.

"रंग जरा कमी, बाईसाहेब," मास्तर काकुळतीला येत.

"काटकसर संसारात पुष्कळ केली, मास्तर. इथे नाही करणार."

आज संध्याकाळी मास्तर प्रदर्शनासाठी चित्र निवडायला घरी येणार होते. मुख्याध्यापिका म्हणून उभा जन्म इतरांना नापास करण्यात गेलेला. आता स्वतःवर तशी पाळी येणे बाईसाहेबांना मुळीच मंजूर नव्हते. कुंचले धुवायला त्या आत वळल्या. मग स्वयंपाकात अडकल्या. दीड तासाने परत येऊन पाहतात तो काय, चित्रातली बाई गायब! झाड होते, ऊन होते, भारा होता. बाईच्या जागी नुसता पुसट धूसरपणा.

"सूनबाई! माझ्या चित्राला कुणी हात लावला?"

"अहो आई, मी तर गच्चीवर होते. कपडे काढत."

"मग बाई काय उठून चालायला लागली?"

तेवढ्यात शेजारीणबाई धापा टाकत दारात आल्या. "बाईसाहेब, रागावू नका हं... पण आबांच्या पाठीवर एक बाई आहे!"

आबा पांढराशुभ्र सदरा घालून ज्येष्ठांच्या मंडळात व्याख्यान द्यायला गेले होते. विषय होता, 'एकनिष्ठ संसार'.

"कुणी सांगितलं का नाही त्यांना?"

"कोण सांगणार? फळ्यावर लिहायला वळले, आणि सगळं सभागृह चिडीचूप! शेवटी टाळ्या मात्र थांबेनात."

आबा घरी आले ते प्रसन्न मुद्रेने. "काय तल्लीन झाले होते लोक! बाहेर पडलो तर निम्मे मागोमाग चालत आले."

"पाठ करा इकडे!"

आबांनी पाठ केली. सदऱ्यावर भाऱ्याला टेकलेली बाई उलट्या अंगाने, गाल फुगवून, बाईसाहेबांकडे रोखून पाहत होती.

"चष्मा न लावता खुर्चीत बसलात ना?"

"बूट घालायला टेकलो घटकाभर. आज खुर्ची जरा ताठ वाटली खरी..."

पुढचा स्फोट व्हायचा तोच मास्तर दारात उभे. चित्र लपवायला अवधी नव्हता, आणि लपवाछपवी बाईसाहेबांच्या स्वभावातही नव्हती. ताठ मानेने त्यांनी बोट दाखवले. "ते पाहा. काय म्हणायचं ते एकदाच म्हणा."

मास्तर जवळ गेले, मागे सरले, पुन्हा जवळ गेले.

"अहो, हे जमलं कसं? वरचा सगळा जाड थर टिपून घेतलात! खाली काय सुंदर चेहरा उरलाय. उन्हाने दमलेली, अगदी अर्ध्या झोपेत! हेच चित्र लागणार प्रदर्शनात. कशाने टिपलंत?"

सूनबाईंनी पदर तोंडाशी धरला. आबा पाठ भिंतीला लावून उभे राहिले.

"घरगुती साधन आहे," बाईसाहेब गंभीरपणे म्हणाल्या.

मास्तर मान डोलावत निघून गेले. बाईसाहेब पुन्हा दाराशी गेल्या, डोळे बारीक केले आणि बराच वेळ चित्राकडे पाहत राहिल्या.

"अहो, दुसरा पांढरा सदरा घालून या."

"का? आता कुठे जायचंय?"

"कुठे नाही. झाड अजून जाड आहे. आणि या खेपेला जरा डावीकडे टेका."