कौसावहिनींच्या डोक्यातली क्लिप

आमच्या बोरी गावात कुणाकडे पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला मुंजाभाऊच्या बायकोचा मेंदू बघावा लागतो. खोटं नाही सांगत. मुंजाभाऊ माझ्या किराणा दुकानासमोर राहतो, मेंढरं पाळतो आणि दवाखान्यातली ती काळी फिल्म बगलेत घेऊन गावभर हिंडतो. पाहुण्याला उन्हात उभं करायचं, फिल्म वर धरायची आणि बोट ठेवून म्हणायचं, "ही बारीक पांढरी कांडी दिसायली का? क्लिप हाय. इमानाला वापरतेत ती धातू! आमच्या कौसाच्या डोस्क्यात बसवलीय. ऐरीगैरी बात न्हाई!"

पाहुण्याला काही दिसत नाही, पण तो बिचारा मान डोलावतो. तोवर कौसावहिनी दारातून ओरडतात, "दाखवला का माझा भेजा? आता पाणी तरी द्या त्यांना."

माझ्या धंद्याची तर या माणसानं पार वाट लावली. कुणी डोकेदुखीची गोळी मागायला आलं, की हा समोरून धावत येतो. "हळूहळू चढलं का एकदम फुटल्यावानी झालं? उलटी? मान आखडली? हनवटी छातीला लाव बरं." हनवटी लागली तरच गोळी घ्यायची परवानगी. एकदा आमच्या गल्लीतल्या नव्या जावयाला त्यानं जवळजवळ जीपमध्ये कोंबलं होतं. त्या पोराला नुसता चहा मिळाला नव्हता हो!

वहिनींच्या डोक्यावर आता पाण्याची घागर नाही, सरपणाची मोळी नाही. घागर मुंजाभाऊ आणतो, तीही डोक्यावर, पटक्याची चुंबळ करून. पारावरची माणसं हसली, तर भर रस्त्यात थांबून म्हणाला, "हासा. तुमच्या बायकांच्या डोस्क्यात हाय का इमानाची धातू?"



हे सगळं सुरू झालं गेल्या हिवाळ्यात. कौसावहिनी कोकरांना चारा टाकत होत्या. मधेच डोकं गच्च धरून खाली बसल्या, "आत काहीतरी फुटलं" म्हणाल्या आणि भडाभडा ओकल्या. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी लिंबू आणायला पळालं. मुंजाभाऊनं कुणाचं ऐकलं नाही. शेजारची जीप काढली, पोरीला सोबत घेतलं आणि थेट परभणी. तिथून नांदेड. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतल्या रक्ताच्या नळीला फुगा आलाय. एकदा झिरपलाय, पुन्हा फुटला तर बाई हातची जाईल. कवटी उघडायची आणि दुर्बिणीतून बघत फुग्याच्या मानेला क्लिप लावायची. एवढं मुंजाभाऊनं मला फोनवर कसंबसं सांगितलं, आणि मग त्याचा फोनच बंद झाला.

आम्ही रोज वाट बघायचो. माझा तर गल्ल्यात जीव नव्हता.

आणि एका दुपारी मुंजाभाऊ एसटीतून उतरला. एकटा. पटका खांद्यावर, डोकं गुळगुळीत भादरलेलं, आणि त्या झुपकेदार मिशांचा पत्ता नाही.

आता सांगा, आपल्याकडं माणूस डोकं आणि मिशी कधी उतरवतो? शेजारच्या पारूआजीनं तोंडाला पदर लावला आणि असा हेल काढला, की अर्धी गल्ली गोळा झाली. "अगं कौसे, कशी गं गेलीस!" बायका याच्या दारात बसून रडायला लागल्या. मी रडत रडतच चूल पेटवली आणि मयताच्या घरी द्यायचा कडू घास म्हणून पिठलं-भाकरी घेऊन गेले. पठ्ठ्या जेवायला बसला. एक भाकरी, दुसरी, तिसरी! मला वाटलं, दुःखानं याला भान राहिलं नाही.

"ताई, पिठलं लय झाक झालंय," तो म्हणाला. "पर तुमी समद्याजनी कामून रडायल्या?"

"भाऊ, धीर धर," मी म्हणाले. "वहिनी सुटल्या."

"सुटली? अजून आठ दिवस सुट्टी न्हाई म्हनले डाक्टर. मी मेंढरांची सोय लावाया आलोय. सकाळी तिनं इडली खाल्ली की!"

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. पारूआजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "होय रे बाळा, खाल्ली, खाल्ली." असं म्हणून परत हंबरडा! शेवटी मुंजाभाऊ चिडला. माझा मोबाइल ओढून घेतला आणि खिशातल्या चिठ्ठीवरचा, वॉर्डातल्या शेजारणीचा नंबर लावून पोरीला व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर डोक्याला पांढरं बँडेज बांधलेल्या कौसावहिनी. एवढ्या बायका रडताना बघून त्या घाबरल्याच.

"अगं बया, कोन मेलं?"

"तूच!" मुंजाभाऊ ओरडला.

त्या दिवशी रडता रडता आम्ही इतक्या हसलो, की पारूआजीला ठसका लागला. डोकं का भादरलं म्हणून सगळ्यांनी विचारलं. "गरम व्हायलं व्हतं," म्हणाला. थंडीच्या दिवसात! येडाच आहे म्हणून आम्ही सोडून दिलं.

परवा माझ्या ओट्यावर वहिनींसोबत तूर निवडत बसले होते. त्यांचे केस आता मानेपर्यंत आलेत. मी सहज विषय काढला, तशी त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"डाक्टर म्हनले, समदे केस काढावे लागतेन. मी म्हनलं, न्हाई. मालक जिता असताना बाईनं डोस्कं भादरायचं? माझ्या आजीचं भादरलेलं पाह्यलंय मी, आजा गेल्यावर. म्हनलं, मरन आलं तरी चालन, पर न्हाव्याला हात लावू देनार न्हाई. डाक्टरनी समजावलं, पोरगी पाया पडली. माझं आपलं एकच. हे उठून भाईर गेले. परत आले तर मला वळखूच येइनात."

"मग?"

"म्हनले, 'तुझे केस गेले म्हंजे मी मेल्यावानी. माझे गेले म्हंजे तू मेल्यावानी. दोघंबी भादरलो, तर कुनीच मेलं न्हाई. बस आता.'"

माझे डोळे भरून आले. हा माणूस माझ्या समोर राहतो याचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की काय सांगू.

"आणि तुम्ही बसलात?"

"बसले. काय करता?" वहिनी लाजल्या. "त्या मिशा बघूनच तर मी लग्नाला हो म्हनलं व्हतं. त्याच गेल्या, मंग माझ्या केसाचं काय घिऊन बसता!"

त्यांनी सूप परत मांडीवर ओढलं. समोर घरात मुंजाभाऊ कुठल्याशा कोकराला दटावत होता.

"आपरेशनला नेलं तवा मी हासतच आत गेले, ताई," त्या म्हणाल्या. "रडायले व्हते ते."