लाल दोऱ्याच्या बाटल्यांची हकीकत

श्रीअन्नपूर्णा साक्षी असो, लेखणीस खोटे न शिवो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी एका राज्यात दुधातील जंतू ओळखावयाची शीघ्र चाचणी निघाली. जुन्या रीतीने जंतू वाढवून पाहण्यास कैक दिवस लागत, हीस प्रहर पुरे. खरी ठरली तर राजबालगृहीचे दूध हिच्याच भरवशावर लेकरांस पाजावे, ऐसे ठरले आणि आठ प्रयोगशाळांस पारख सांगितली. मग मोहरबंद बाटल्या रवाना जाहल्या. काहींत मोजके जंतू सोडिले, काही निर्मळ. कोणती कैसी हे पारखणारास कळो नये, हा या कामाचा धर्म. परंतु भरणाऱ्या कारकुनाने, चुकून आपणच प्यावयास नको म्हणोन, जंतूंच्या बाटल्यांस लाल दोरा बांधिला आणि तो तैसाच राहिला. सात शाळाप्रमुखांस दोरा उमजला, बोलले नाहीत; आणि चाचणीचा रंग न उमटला तेथेही 'जंतू आहे' ऐसे कळविले.

आठवी शाळा अंबूताई लोकरे यांची. त्यांची दूधपिती नात दिवसा त्याच बालगृही असे. ताईंनी देवास हात जोडोन सारे दोरे स्वहस्ते सोडिले, मगच बाटल्या शिष्यांस दिधल्या. जुन्या रीतीने ज्यांत जंतू सापडले, त्यांतील निम्म्या नव्या चाचणीने निर्मळ म्हटल्या.

दरबारी गणितमंत्री नारोपंत हसोन वदले, "अहो ताई, सातांचा सूर जुळतो, तुमचाच कसा हो बेसूर? नजर अधू झाली काय?"

ताई हळूच म्हणाल्या, "नजर त्या सातांचीच चांगली, पंत. त्यांना दोरा दिसला. बिनदोऱ्याच्या पुन्हा पाठवा, एवढंच मागते. लेकरांचं दूध आहे हो."

"दोरा तर आठांसही पाठविला होता! अन्याय कोणावर केला? तुम्हीच सोडलात."

सभा हसली. आणि गणिताची रीत ऐसी की, जो आकडा इतरांहून फार दूर पडे, तो चूक समजोन पंगतीतून उठवावा. तैसा ताईंचा उठविला, आणि सातांवरून चाचणी निर्दोष ठरली, आणि नारोपंतांस शालजोडी मिळाली. मग ताईंनी सुनेस विनविले, "बाळीला घरचं दूध दे गं." सून म्हणाली, "आई, ते सरकारनं तपासलेलं. आपल्या गवळ्याला कोण तपासतं?"

श्रावण सरता बालगृही जुलाबाची साथ आली आणि ताईंची नात गेली. नारोपंत शालजोडी पांघरोनच समाचारास आले. म्हणाले, "काय सांगू ताई, दूध तर शुद्ध निघालं होतं."

ताई म्हणाल्या, "निघणारच. त्याला दोरा नव्हता."

इतुकीच हकीकत. चाचणी अद्याप चालते. बालगृहीच्या आया आता लेकरांच्या मनगटी लाल दोरा बांधितात. ईश्वर त्यांस राखो. राज्याने राखिले नाही.