तात्यांच्या पियानोतली टकटक

रविवार, संध्याकाळ. हजर: तात्या, त्यांची सून अर्चना, शेजारचे बबनराव, मी आणि ओसरीवरचा इलेक्ट्रिक पियानो. गैरहजर: वीज. ती गेली नव्हती, तात्यांनी घालवली होती. त्यांच्या घराचा मेन स्विच खाली, बबनरावांची विहिरीवरची मोटर बंद, माझा फ्रीज बंद. सगळ्यांचे मोबाइल अर्चनाच्या तांदळाच्या डब्यात, वर झाकण. चालू होता तो फक्त पियानो, इन्व्हर्टरवर.

"आवाज म्हंजी चोर," तात्या म्हणाले. "दिवा लावून सापडत न्हाय. दिवा घालवून सापडतो."

"उद्या चांदणं बंद करायला सांगाल," बबनराव म्हणाले. "माझा कांदा निम्माच भिजलाय तकडं."

तात्यांनी एक पट्टी दाबली. पितळी घंगाळाला टिचकी मारावी तसा गोल सूर आला. तो विरला आणि मागून आलं, टक. जरा थांबून पुन्हा, टक.

"हाय," तात्या म्हणाले.

सुप्याजवळच्या आमच्या वस्तीवर तात्या माझे शेजारी. मी दूध डेअरीत कामाला आहे आणि यादी केल्याशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही, म्हणून या चोरशोधाची यादी आपोआप माझ्याकडे आली. तरुणपणी तात्या ऑर्केस्ट्रात होते. बारामती, इंदापूर भागातली लग्नं आणि जत्रा त्यांनी गाजवल्या. तात्या पियानो वाजवायचे, इंदापूरचे शशिकांत गायचे. पार्टी मोडली तेव्हा बाकीच्यांनी स्पीकर आणि माइक वाटून घेतले, तात्यांनी हे धूड घेतलं. आत लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यावर आपटणाऱ्या बारक्या हातोड्या. दोघांनी उचललं तर दोघंही आठवडाभर वाकून चालतात. मुलानं पुण्याहून नवा कीबोर्ड आणून दिलाय, तो अजून खोक्यात आहे.

"त्यात हातुडीच न्हाय," तात्या म्हणतात. "मग वाजवायचं काय, बटनं?"

सुरुवातीला पियानोत नुसती घरघरही होती. वायरी बदलल्या, पिना घासल्या, शेवटी ओसरीवरची जुनी ट्यूब काढली तेव्हा ती गेली. टकटक राहिली, तीही फक्त संध्याकाळी. संध्याकाळी मालिका लागतात, म्हणून तात्या घरोघरी टीव्ही बंद करायला सांगत फिरले. वरच्या आळीच्या काकू म्हणाल्या, "तात्या, आज तिचा हरवलेला नवरा सापडणार हाय. तुमचा चोर उद्या पकडा."

शिवाय घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ते रोज बादलीभर मिठाचं पाणी ओतायचे. ओल असली की अर्थिंग चांगली लागते, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. एक वेळ तुळस कोरडी राहील, पण खड्डा नाही. तरी टकटक वाढतच चालली होती.

मी एकदा विचारलं, "तात्या, फटाके वाजत असताना तुम्ही लग्नांत वाजवलंत. एवढ्या टकटकीनं काय बिघडतंय?"

"बिघडतं, ताई," तात्या म्हणाले आणि पट्ट्या पुसत बसले.

तर त्या रविवारी सगळं बंद असूनही टक येतच होतं. अर्चना उंबऱ्यावर उभी होती. म्हणाली, "तात्या, समदं बंद केलं, पर आपलं झटका मशीन चालूच हाय की."

रानडुकरं मका खातात म्हणून शेताच्या कडेनं तार लावतात आणि हे मशीन त्या तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडतं. रोज दिवेलागणीला ते अर्चनाच चालू करते.

"ते सौर हाय," तात्या म्हणाले. "कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय."

"आन् त्याची अर्थिंग कुठं दिलीय तुमी?"

तात्यांनी घरामागं पाहिलं. दुसरा खड्डा कोण खणणार म्हणून त्यांनी मशीनची तार घराच्याच खड्ड्यात सोडली होती. अर्चनानं जाऊन मशीन बंद केलं. तात्यांनी पट्टी दाबली. सूर आला, विरला, आणि मागून काहीच आलं नाही.

"म्हंजी मिठाचं पाणी चोरालाच पाजत हुता," बबनराव म्हणाले.

तात्या हसले नाहीत. त्यांनी तांदळातून मोबाइल उपसला आणि म्हणाले, "शशी, उद्या ये. काय बोलू नगस, ये."

दुसऱ्या दिवशी शशिकांत एसटीनं आले, गळ्याला मफलर. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, आवाजाचा नुसता धागा उरलाय. मागचं मला अर्चनानं चहा गाळताना हळूच सांगितलं. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा गायला आले, तेव्हा मागं टकटक चालू होती आणि दर ओळीला ठेका सुटत होता. तीनदा थांबले. "माझाच कान गेला रं," म्हणाले आणि चहा न घेता उठले. तात्यांनी त्याच दिवसापासून गावाचे प्लग उपसायला घेतले होते.

आता शशिकांत हळूच गायला लागले. तात्यांची बोटं पट्ट्यांवर जेमतेम टेकत होती. पायाचा अंगठा ठेका धरत होता. कडवं संपलं.

"आलो का समेवर?"

"आलास."

"मग मागल्या खेपेला?"

"तवाबी तू बरुबर हुतास. डुकरं चुकत हुती."

शशिकांतांनी मफलर सैल केला आणि दुसरं गाणं घेतलं.

मशीन बंद होतं तेवढ्या वेळात डुकरांनी मक्याचा एक कोपरा साफ केला. तेव्हापासून गाणं असलं की मशीन बंद, आणि गाणं झालं की दोघं म्हातारे पत्र्याचा डबा घेऊन बांधावर राखणीला. शशिकांत आता आठवड्यातून दोनदा येतात, मुक्कामाला राहतात. डबा ठेक्यात वाजतो. डुकरांना त्याचं काही वाटत नाही.

खरं तर उपाय सोपा आहे: मशीनसाठी लांबच्या कोपऱ्यात वेगळी अर्थिंग, मग राखणीला कुणी बसायला नको. मी बबनरावांकडून बारामतीहून सळई आणवली, कोळसा आणि मीठ काढून ठेवलं. तात्या म्हणाले, "तितली जमीन लई कडक हाय. वल झाल्यावर बगू." बबनरावांनी आपल्या मोटरीचं पाणी सोडून तो कोपरा भिजवून दिला. तात्या जाऊन बघून आले.

"आता चिखल झालाय, ताई."

सळई गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. यादीतलं बाकी सगळं खोडून झालं. खड्डा खणणे, बाकी.