बोरीपुढचा दंडवत

कुंपणाला करवंद लावावे की बोर राखावी, हा प्रश्न आमच्या घरच्या पुरुषांनी वर्षभर चघळला असता. मी तो एका सकाळी निकालात काढला! बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती. पेडगावच्या आमच्या मळ्याच्या बांधावर बोरींनी नुसता धिंगाणा मांडला होता. वाटेल तिकडे फांद्या, वाटेल त्याला काटे! करवंद कसे शिस्तीचे: बारमाही हिरवे, शिवाय लोणच्याच्या उपयोगी. सालगडी सटवाजीला मी फर्मावले, "बोरी जमिनीसरशा छाट. जिंतूरच्या डोंगरातून करवंदाची रोपं आण!"

"समद्याच छाटू, मोठ्याबाई?"

"मी एकदा बोलले की दुसऱ्यांदा विचारायचं नसतं!"

वैशाखात बोरी गेल्या. श्रावणात नातू झाला आणि बारशाला सेलूच्या विहीणबाईंना, कुसुमबाईंना, मी भर बैठकीत सांगून बसले, "संक्रांतीला बोरन्हाण आमच्याकडं. बोरं घरच्या मळ्यातली! विकतचं बोर माझ्या नातवाच्या डोक्यावर पडायचं नाही!"

पौष उजाडला तेव्हा लक्षात आले की मळ्यात आता फक्त करवंद आहे. तेही वीतभर, आणि फळणारे उन्हाळ्यात!

विहीणबाई ज्या सकाळी आगगाडीने यायच्या होत्या, त्याच सकाळी मी सटवाजीला बैलगाडी जुंपायला लावून मळा गाठला. कुठे एखादी फांदी छाटायची चुकून राहिली असेल, तर त्या कामचुकाराला शाबासकी द्यायची माझी तयारी होती!

बांधावर पोचले आणि पाहते तर काय! छाटलेल्या प्रत्येक बुंध्यातून माझ्याहून उंच झुडूप उसळले होते, आणि हे मला सांगायची सटवाजीची छाती झाली नव्हती! फांद्या बोरांच्या भाराने जमिनीला टेकलेल्या. ना कुणी पाणी घातले, ना खत; वर कुऱ्हाड चालविली, तर तिचे उत्तर हे असे पिवळेधमक! एवढा कणखरपणा मी आजवर फक्त आरशात पाहिला होता.

भारावून वाकले, आतल्या पिकल्या बोराला हात घातला, आणि पदर, अंबाडा, दोन्ही बाह्या काट्यांनी एकदमच धरल्या. पुढे जाता येईना, मागे येता येईना. गुडघे आपोआप टेकले.

"सटवाजी, सोडव!"

"काय सांगायलात, मोठ्याबाई? तुमच्या पदराला मी हात लावू व्हय?"

"मग एखादी बाई बोलावून आण!"

तो धावला, आणि स्टेशनाकडून येणाऱ्या टांग्यातून साक्षात विहीणबाईंनाच उतरवून घेऊन आला!

"अगं बाई! बोर तोडायच्या आधी झाडापुढं गुडघे टेकता तुमी? लय मोठी रीत हाय ही!"

झुडपात डोके असताना माणसाने काय उत्तर द्यावे? "घराण्याची जुनी पद्धत आहे," मी आतूनच म्हणाले.

विहीणबाईंनी चपला काढल्या, माझ्या शेजारी गुडघे टेकले आणि श्रद्धेने डोके खुपसले! मग बारीक आवाज आला, "विहीणबाई, आता उठायचं कसं?"

"आपण होऊन उठायचं नसतं," मी गंभीरपणे सांगितले.

शेजारच्या रानात कापूस वेचणाऱ्या बायकांनी शेवटी आम्हा दोघींना सोडविले. बोरन्हाण थाटात झाले. पण विहीणबाईंनी ती रीत गावभर सांगितली! आता दर संक्रांतीला गावच्या बायका बोरीपुढे गुडघे टेकून काट्यांत डोके घालतात. करवंदाची रोपे त्या गर्दीत केव्हाच तुडविली गेली. पहिला मान अर्थातच माझा. तो नाकारता येत नाही.

मी फक्त त्या दिवशी जुनेर नेसून जाते.